दहा लाख तासांचा हिशेब

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात खाली लेथ आणि प्रेसचा खडखडाट सुरू असताना वरच्या मजल्यावर ग्राहकांची संकेतस्थळे चालवणाऱ्या सर्व्हरचा रॅक (संगणकांची मांडणी) चालू असला, तर त्यात कुणाला नवल वाटू नये. बारावीच्या निकालासारख्या दिवशी अशा रॅकवर वाचनलेखनाचा ताण एकदम वाढतो आणि सततच्या कामाने त्यातली हार्ड डिस्क, म्हणजे माहिती साठवणारी फिरती चकती, लवकर मरेल, अशी धास्ती घेतली जाते.

ही धास्ती बरीचशी अनाठायी आहे. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला, तेव्हा कामाचा ताण आणि बिघाड यांचा संबंध अपेक्षेपेक्षा बराच क्षीण निघाला. तो ठळक दिसला तो अगदी नव्या आणि अगदी जुन्या डिस्कमध्येच. मात्र पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली त्रुटी आढळलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होती. तरीही बंद पडलेल्या कित्येक डिस्कनी आधी कसलीच सूचना दिली नव्हती, हेही त्याच अभ्यासात नोंदले आहे.

उत्पादक माहितीपत्रकात बिघाडापर्यंतचा सरासरी काळ म्हणून दहा लाख तास छापतात. त्याचा अर्थ ती डिस्क ११४ वर्षे चालेल असा नव्हे, तर शंभर डिस्कमागे वर्षाला साधारण एक बिघडेल असा होतो. कार्नेगी मेलनच्या श्रोडर आणि गिब्सन यांना प्रत्यक्षात हे प्रमाण अनेकदा २ ते ४ टक्के आढळले.

मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या चकतीवर हेड, म्हणजे माहिती वाचणारा-लिहिणारा भाग, काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. खालच्या प्रेसचा हादरा रॅकपर्यंत पोहोचला, तर ते ट्रॅकवरून, म्हणजे माहितीच्या वर्तुळाकार रेषेवरून, ढळते, तेच वाचन पुन्हा करावे लागते आणि संकेतस्थळ मंदावते. दोष मात्र बिचाऱ्या सॉफ्टवेअरला दिला जातो.

खरी कसोटी लागते ती एक डिस्क गेल्यानंतर. तंत्रज्ञ ट्रेची खिट्टी दाबून ती ओढून काढतो, नवी सरकवतो आणि रेडची, म्हणजे एक डिस्क गेली तरी माहिती टिकावी म्हणून जोडलेल्या डिस्कच्या गटाची, पुनर्बांधणी सुरू होते. १२ टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट या अखंड वेगाने भरली, तरी सुमारे १७ तास लागतात. ग्राहकांची वर्दळ चालू असेल, तर त्याहून कितीतरी अधिक. एवढा वेळ उरलेल्या सगळ्या डिस्क पूर्ण वाचल्या जात असतात, आणि त्या बहुधा एकाच खेपेत घेतलेल्या, एकाच वयाच्या असतात. अशा वेळी दुसरी डिस्क गेली, तर एकच बिघाड सोसणारी रेड पाच ही रचना कोसळते, दोन सोसणारी रेड सहा तगते. पंचगंगेचे पाणी शिरले, तर दोन्हींचा उपयोग नाही. त्यासाठी बॅकअप, म्हणजे माहितीची वेगळी प्रत, दुसऱ्या गावातच हवा.