तीन सहायक गेले तेव्हा

मंडळी, २०२१ च्या मार्चमध्ये इलिनॉय विद्यापीठाचा पुरुष बास्केटबॉल संघ राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या मानांकनाने उतरला आणि दुसऱ्याच फेरीत शिकागोच्या लोयोलाकडून ७१-५८ असा हरला. पुढच्या काही आठवड्यांत मुख्य कोच ब्रॅड अंडरवुड यांचे तिन्ही सहायक गेले. स्टीफन जेंट्री गोंझागाला, ऑर्लांडो अँटिग्वा आणि रॉन कोलमन केंटकीला. भांडण वगैरे काही नव्हतं. गोंझागाचे जुने सहायक टॉमी लॉइड अॅरिझोनाचे मुख्य कोच झाले, म्हणून तिथे जागा झाली. केंटकीचा एक सहायक सेंट्रल मिशिगनला मुख्य कोच झाला, दुसरा अॅरिझोना स्टेटला गेला. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये दर वसंतात ही संगीतखुर्ची चालते. खुर्ची भरायची कशी, हा आजचा विषय.

आपल्याकडे कॉलेजचा संघ म्हटलं की क्रीडा संचालक, एखादा कोच आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळणारा एक उत्साही माजी विद्यार्थी. तिथलं प्रमाण आधी समजून घ्या. एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या पहिल्या श्रेणीत बरीच वर्षं मुख्य कोच अधिक तीन सहायक अशी मर्यादा होती. २०२३ च्या जुलैपासून आणखी दोघांना मैदानावर शिकवायची मुभा मिळाली, पण बाहेर जाऊन खेळाडू हेरण्याची, म्हणजे रिक्रूटिंगची, त्यांना परवानगी नव्हती. म्हणून गेलेला माणूस कुठल्या प्रकारच्या जागेवर होता, हे आधी बघायचं. रिक्रूटिंग करणाऱ्याच्या जागी फक्त शिकवणारा आणलात, तर जुलैमधल्या शाळकरी खेळाडूंच्या स्पर्धा बघायला तुमच्याकडून कोण बसणार?

जागा भरण्याआधी ती उसवायची. एक सहायक म्हणजे पाच-सहा कामांचं गाठोडं असतं: गार्ड (चेंडू हाताळणारे) किंवा बिग मॅन (बास्केटजवळ खेळणारे उंच खेळाडू) यांची वैयक्तिक तयारी, संघाच्या बचावाची किंवा आक्रमणाची जबाबदारी, ठरावीक प्रतिस्पर्ध्यांचं स्काउट (त्यांच्या खेळाचा अभ्यास करून केलेलं टिपण), रिक्रूटिंगचा प्रदेश, ट्रान्सफर पोर्टलवर, म्हणजे संघ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीवर, नजर आणि एखाद्या बिथरलेल्या खेळाडूला रात्री अकरा वाजता जेवायला घेऊन जाणं. शेवटचं काम कुठल्याही करारात लिहिलेलं नसतं, आणि सर्वांत आधी तेच कोसळतं. कागदावर एकीकडे कामं आणि दुसरीकडे उरलेल्या माणसांची नावं लिहा. जी कामं आतल्या आत वाटता येतात ती वाटा. उरलं त्यासाठी माणूस शोधा. सगळे उलटं करतात: आधी नाव ठरवतात, मग त्याला काय द्यायचं याचा विचार. त्यामुळे वर्षभरात दोघे गार्डना शिकवणारे आणि बिग मॅनकडे कुणीच नाही, अशी गत होते.

इलिनॉयनं केलेली विभागणी मला म्हणूनच अभ्यासण्यासारखी वाटते. कोलमन शिकागोचे; त्या शहरातल्या शाळा आणि क्लबांशी त्यांचं नातं होतं. त्यांच्या जाण्यानं शिकागोचं दार बंद होऊ नये, म्हणून शिकागोच्याच डीपॉलमधून टिम अँडरसन आणले. चेस्टर फ्रेझर व्हर्जिनिया टेकहून आले. २००५ ते २००९ ते स्वतः इलिनॉयकडून खेळलेले, त्यामुळे माजी खेळाडू आणि जुने चाहते यांच्याशी ओळख करून द्यायची गरज नव्हती. तिसरे जेफ अलेक्झांडर, स्टाफमधलेच. त्यांना बढती दिली. एक प्रदेशासाठी, एक घरचा, एक जुन्या पद्धती ठाऊक असलेला. तिन्ही बाहेरून आणले असते, तर अंडरवुडना स्वतःची आक्रमणपद्धत सहायकांनाच आधी शिकवावी लागली असती. आतल्या माणसाला वर घेतलं की त्याची खालची जागा रिकामी होते, हा हिशेब मात्र त्याच दिवशी करायचा. व्हिडिओ कापणारा वर गेला आणि नोव्हेंबरमध्ये क्लिप्स कोण देणार हे ठरलेलंच नाही, असं सर्रास घडतं.

आता पहिले तीन दिवस. बातमी फुटण्याआधी, निदान फुटल्या फुटल्या, मुख्य कोचनं स्वतः फोन करायचे. आधी संघातले खेळाडू, त्यातही गेलेल्या सहायकानं आणलेले. मग सही केलेले पण अजून न आलेले. मग पुढच्या वर्षीचे. घरात निर्णय कुणाचा चालतो हे माहीत हवं. कधी आई, कधी मामा, कधी क्लबचा कोच. मुख्य कोच गेला तर खेळाडूंना पोर्टलमध्ये जायला वेगळी मुदत मिळते. सहायक गेला म्हणून तशी मिळत नाही. पण २०२१ पासून एकदा संघ बदलून लगेच खेळता येऊ लागलं आणि २०२४ पासून अभ्यासात पात्र असणाऱ्याला कितीही वेळा. म्हणजे तो फोन न केल्याची किंमत वाढली. २०२१ च्या उन्हाळ्यात इलिनॉयच्या सात फुटी कोफी कोबर्नचं नाव पोर्टलमध्ये होतं. त्याला इलिनॉयला आणण्यात अँटिग्वांचा मोठा वाटा होता आणि अँटिग्वा आता केंटकीत. तरी तो परतला, आणि पुढच्या मोसमात इलिनॉयनं बिग टेन या विद्यापीठांच्या गटाचं नियमित मोसमाचं विजेतेपद विस्कॉन्सिनबरोबर वाटून घेतलं. संघातला अॅडम मिलर मात्र लुइझियाना स्टेटला गेला. सगळे टिकतील अशी अपेक्षा धरू नका.

इथे एक जुनाट चूक असते. रिक्रूटच्या घरचे नंबर, कुणाशी काय बोलणं झालं, कुणाला शाळेत गणित जड जातंय, हे सगळं सहायकाच्या खासगी फोनमध्ये. तो गेला की फोनही जातो, आणि कित्येकदा तो त्याच मुलासाठी तुमच्याविरुद्ध उभा असतो. उपाय साधा आहे: प्रत्येक मुलामागे किमान दोन कोच, आणि नोंद विद्यापीठाच्या यादीत. हे माणूस गेल्यावर करून उपयोग नाही. व्हिडिओ खाती आणि सामायिक फाइल्सचे पासवर्ड मात्र त्याच संध्याकाळी बदला, राग न ठेवता.

निवडीकडे वळू. चांगला मुख्य कोच पाच-सहा नावं कायम खणात ठेवतो. संदर्भ म्हणून उमेदवारानं दिलेल्या लोकांपेक्षा त्याच्या हाताखाली खेळलेली, विशेषतः बाकावर बसलेली मुलं आणि संघाचे विद्यार्थी-मॅनेजर यांच्याशी बोला. मुलाखतीत दोन परीक्षा घ्या. एक: पुढच्या मोसमातल्या एखाद्या प्रतिस्पर्ध्याचे चार सामने द्या आणि दुसऱ्या दिवशी एका पानात स्काउट मागा. चाळीस मुद्दे आले तर सावध व्हा. खेळाडूच्या डोक्यात तीन-चार राहतात. दोन: वीस मिनिटं गार्डना शिकवायला लावा आणि बघा, तो बोलतो किती आणि चेंडू फिरतो किती.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा, पण त्यात चूक महागात पडते. सरकारी विद्यापीठात जागा जाहीर करण्याची प्रक्रिया आणि पार्श्वभूमीची तपासणी असते, त्यामुळे तोंडी होकार आणि रुजू होणं यांत दिवस जातात. बाहेर रिक्रूटिंगला जाण्याआधी नियमांची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. उमेदवाराच्या नावावर जुनं नियमभंगाचं प्रकरण आहे का, हे विद्यापीठाच्या नियम-पालन विभागानं तपासायचंच. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये लाचखोरीच्या प्रकरणात चार संघांचे सहायक अटकेत गेले होते, आणि २०२३ पासून सहायकाच्या नियमभंगाची जबाबदारी थेट मुख्य कोचवर धरली जाते. ‘मला माहीत नव्हतं’ चालत नाही.

पगाराबद्दल एवढंच: स्वस्तातला सहायक बसवण्याचा मोह नवा नाही. १९९० च्या दशकात एनसीएएनं संघातल्या एका सहायकाच्या कमाईवर वर्षाला १६,००० डॉलरची मर्यादा घातली. कोच कोर्टात गेले, ती मर्यादा स्पर्धाविरोधी ठरली, आणि १९९९ मध्ये ५.४५ कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवावं लागलं.

मोसम चालू असताना माणूस गेला तर गणित वेगळं. २०२५ च्या मार्चमध्ये जय लुकास ड्यूक सोडून मायामीचे मुख्य कोच झाले. ड्यूकच्या बचावाची धुरा त्यांच्याकडे होती आणि राष्ट्रीय स्पर्धा तोंडावर होती. अशा वेळी बाहेरून कुणी आणू नये. काम उरलेल्यांत वाटायचं आणि बचावाचे शब्द जसेच्या तसे ठेवायचे. ड्यूक अंतिम चारात पोचला, तिथे ह्यूस्टननं ७०-६७ असं हरवलं.

शब्दांचं महत्त्व मी मुद्दाम सांगतो. मैदानाच्या बाजूला होणाऱ्या पिक अँड रोलमध्ये (साथीदार बचावपटूची वाट अडवतो आणि चेंडूवाला त्याच्या आडून निघतो) चेंडूवाल्याला मध्यभागी येऊ न देता बेसलाइनकडे, म्हणजे बास्केटमागच्या रेषेकडे, ढकलायचं, याला एक संघ ‘आइस’ म्हणतो, दुसरा ‘ब्लू’, तिसरा ‘डाउन’. नवा सहायक घाईत स्वतःचा जुना शब्द ओरडतो, खेळाडू अर्धं पाऊल थबकतो आणि तेवढ्यात बास्केट होते. म्हणून पहिल्या आठवड्यात नव्या माणसाला शब्दांची यादी पाठ करायला लावा, आणि त्याच्याकडे चांगला शब्द असेल तरी तो पुढच्या वर्षी.

उन्हाळ्यात नियमानुसार खेळाडूंबरोबर आठ आठवडे, आठवड्याला आठ तास मिळतात, त्यातले चारच मैदानावर. ते नव्या सहायकानं त्याला नेमून दिलेल्या तीन-चार खेळाडूंवर घालवावेत. पहिल्या सामन्याआधीच्या ४२ दिवसांत ३० प्रॅक्टिस बसतात. तेव्हा संपूर्ण बचाव त्याच्या हाती देऊ नये. मोसमातले तीसेक सामने तिघांत वाटले तर प्रत्येकाला दहा स्काउट येतात. नव्या माणसाला पहिला स्काउट नोव्हेंबरमधल्या सोप्या घरच्या सामन्याचा द्या, आणि खेळाडूंसमोर बोलताना त्याला बारा मिनिटांवर थांबवा.