तीन वर्षांचे रविवार

श्रोतेहो, नमस्कार.

मूळ संख्या म्हणजे काय, ते तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. २०२४ साली सापडलेली अशी एक संख्या चार कोटी दहा लाख अंकांची आहे. दोनाचा १३,६२,७९,८४१ वा घात करायचा आणि त्यातून एक वजा करायचा, की झाली ती संख्या. घात तिसरा असेल तर वजाबाकी येते ७, पाचवा असेल तर ३१. दोन्ही मूळ. अकरावा घेतला की मात्र येतात २०४७, म्हणजे तेवीस गुणिले एकोणनव्वद. इथे फसगत होते.

पॅरिसचे मठवासी मर्सेन यांनी १६४४ मध्ये कोणते घात चालतात त्यांची यादी दिली. तीत ६७ होता. १८७६ मध्ये फ्रान्सच्याच ल्युका यांनी दाखवलं, की ६७ चालत नाही, ही संख्या फुटते. पण कशी फुटते, ते त्यांनाही सांगता आलं नाही. पुन्हा सांगतो: संख्या फुटते हे कळलं होतं, तुकडे कोणते ते कळलं नव्हतं.

आता ऑक्टोबर १९०३. न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन गणितज्ञांची सभा भरली आहे. व्याख्यान फ्रँक नेल्सन कोल यांचं, विषय मोठ्या संख्यांचे अवयव. कोल उठले, फळ्याकडे गेले. तोंडातून शब्द नाही. खडू घेऊन दोनाचा सदुसष्टावा घात मांडला, एक वजा केला. मग फळ्याच्या कोऱ्या भागावर गेले आणि एक गुणाकार मांडला, आपण वहीत करतो तसाच, एकाखाली एक ओळ:

१९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७.

ओळी संपल्या, बेरीज झाली. दोन्हीकडे तीच संख्या: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. कोल जागेवर जाऊन बसले. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रश्न कुणीच विचारला नाही. हे तुकडे शोधायला किती वेळ लागला, असं पुढे कुणीतरी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "तीन वर्षांचे रविवार", असं सांगतात.

मला ही गोष्ट कितीही वेळा सांगायला आवडते. हाताने गुणाकार करण्यातली गोडी मुलांना लागली पाहिजे, त्यासाठी तिसापर्यंतचे पाढे तोंडपाठ हवेत.

आजी-आजोबांना नवाचा ताळा आठवत असेल: गुणाकार तपासायची जुनी रीत, प्रत्येक संख्येच्या अंकांची बेरीज एकच अंक उरेपर्यंत करत जायची. कागद घ्या. पहिल्या संख्येच्या अंकांची बेरीज ३७, तीन नि सात दहा, म्हणजे एक. दुसरीची ६४, तिचाही एक. एक गुणिले एक, एक. आता फळ्यावरच्या एकवीस अंकांची बेरीज करा. १०९ येते. एक नि नऊ दहा, म्हणजे एक.

ताळा जुळला.