उतार आणि पुढचा ब्रेक

[दृश्य : सिंहगडाचा घाटरस्ता, सकाळ. वरून येणारी सायकल. वळणाच्या कडेला पसरलेली खडी.]

सिंहगड किती मिनिटांत चढला, कुठे पाय टेकला, याची चर्चा वर भजी खाताना रंगते. उतरण्याबद्दल कुणी विचारत नाही. पण माणसं पडतात ती उतरताना. ताशी ४० च्या वेगात सायकल सेकंदाला ११ मीटर जाते. वळणापलीकडून जीप येतेय हे दिसून हात ब्रेकच्या लिव्हरवर आवळेपर्यंत जवळपास तेवढं अंतर गेलेलं असतं.

[दृश्य : तेच वळण, संथ गतीत. पुढच्या चाकाचा क्लोजअप.]

इथे चालकाने वळणात शिरल्यावर ब्रेक दाबला. टायरला रस्त्याची पकड मिळते ती मोजकी, आणि वळायला व थांबायला तीच पुरवायची असते. सायकल झुकलेली असताना बरीचशी पकड वळण्यातच खर्च झालेली. त्यात खाली खडी. मागचं चाक घसरलं तर बऱ्याचदा सावरता येतं. पुढचं घसरलं की सावरायला वेळच मिळत नाही.

[दृश्य : दुसरा चालक, तेच वळण.]

याने वेग कमी केला तो वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना. वळणात बाहेरचं पॅडल खाली आणि अंगाचा भार त्या पायावर. आतलं पॅडल वर, म्हणजे झुकल्यावर रस्त्याला घासत नाही. कोपरं सैल, बोटं लिव्हरवर नुसती टेकलेली. नजर खडीवर नाही, वळण जिथे सुटतं तिथे आहे. खड्ड्याकडे बघत राहिलं की सायकल खड्ड्यातच जाते, हे पुण्यात वेगळं सांगायला नको.

[दृश्य : रिकामं मैदान. जमिनीवर खडूची रेघ. मोजपट्टी.]

पुढचा ब्रेक दाबला की माणूस हँडलवरून उलटतो, ही धास्ती लहानपणीच्या भाड्याच्या सायकलीपासून मनात बसलेली. म्हणून कित्येक जण आयुष्यभर मागच्याच ब्रेकवर सायकल चालवतात. आता मोजपट्टी काय सांगते बघा. सपाट, कोरडा रस्ता, वेग ताशी ३०. नुसत्या मागच्या ब्रेकवर थांबायला साधारण १४ मीटर. पुढचा ब्रेक नीट वापरला तर ७ च्या आसपास. ब्रेक लागला की बरंचसं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं हलकं होतं आणि जागच्या जागी लॉक होऊन फरफटतं. धूर दिसतो, आवाज होतो, वेग मात्र फारसा उतरत नाही.

उलटतात ते लिव्हर एकदम खेचल्याने, आणि हात ढिले ठेवून अंग पुढे जाऊ दिल्याने. म्हणून सराव असा : वेग ताशी १५ पुरे. रेघ आली की ढुंगण सीटच्या मागे न्यायचं, टाचा खाली, हात ताठरून हँडलवर रेटा द्यायचा. मग पुढची लिव्हर झटका न देता आवळत न्यायची, मागची बेताने. मागचं चाक उचलायला लागलं की पुढची लिव्हर क्षणभर सैल. हे दहा-बारा वेळा जमलं की वेग वाढवायचा. ओल्या जमिनीवर पुन्हा पहिल्यापासून, कारण पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं आणि पांढरे पट्टे गुळगुळीत होतात.

[दृश्य : दोन्ही लिव्हर, केबल, ब्रेक पॅड.]

आपल्याकडे बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. अमेरिकेहून आणलेल्या सायकलीला डाव्या हाताला. दुसऱ्याची सायकल घेतलीत तर आधी हे तपासा. लिव्हर हँडलला टेकत असेल तर केबल ताणून घ्या. पॅडच्या खाचा झिजून गेल्या असतील तर पॅड बदला, महागडा भाग नाही तो.

[दृश्य : हातकरवतीने हेल्मेट मधोमध कापलं जातंय. पांढरा भुसा.]

आतमध्ये आहे ते थर्माकोलच, फक्त जास्त घट्ट. डोकं आपटलं की हा थर चुरडतो आणि थांबायला काही मिलिमीटर जास्त मिळतात. एकदा चुरडलेला भाग पुन्हा फुगत नाही. म्हणून मार बसलेलं हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसलं तरी भंगारात.

हेल्मेटसाठीच्या युरोपच्या ईएन १०७८ या मानकाच्या चाचणीत ते सपाट लोखंडावर ताशी साडेएकोणीस किलोमीटरच्या वेगाने आपटतात, अमेरिकेच्या सीपीएससी या ग्राहक-सुरक्षा संस्थेच्या चाचणीत ताशी बावीसच्या आसपास. एवढंच? असा प्रश्न येतो. पण हा वेग सायकलचा नाही, डोकं खाली पडण्याचा आहे, दीड-दोन मीटरवरून. घसरून पडलात तर तो हिशोब बसतो. समोरून गाडी आली तर बसत नाही, हे विकणारे सांगत नाहीत.

व्यावसायिक शर्यतींतही हेल्मेट सहजासहजी आलं नाही. १९९१ मध्ये सक्तीविरुद्ध खेळाडूंनी संप केला होता. २००३ च्या पॅरिस–नीस शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह हेल्मेटविना पडला आणि गेला, त्याच वर्षी सक्ती झाली.

[दृश्य : आरसा, हेल्मेट घालणारी मुलगी.]

पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं, कपाळ उघडं टाकून मागे सरकवलेलं नको. पट्ट्यांचा व्ही बरोबर कानाच्या खाली. हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतकंच सैल. मागची चक्री आवळून मान हलवा, हेल्मेट डोक्याबरोबर फिरलं पाहिजे. अंबाड्यावर ते बसत नाही, केस खाली बांधा.

[दृश्य : एक्स-रे. रुग्णालयाचा दरवाजा.]

मनगट आणि कॉलरबोन मोडणं नेहमीचं. डोक्याला मार लागून उलटी, गुंगी किंवा विसर पडला तर थेट रुग्णालय.

[दृश्य : पडलेली सायकल उचलून तपासणारे हात.]

पडल्यावर लगेच सायकलवर बसायचं नाही. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ आहे का बघा. चाक उचलून फिरवा, ब्रेकला घासतंय का पाहा. मागून बघा, डिरेलर, म्हणजे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, आत वाकलाय का? उजव्या बाजूला पडलेल्या सायकलीत तो लटकवणारा हँगर बऱ्याचदा वाकतो. मग सगळ्यात हलक्या गिअरला साखळी नेली की डिरेलर स्पोकमध्ये अडकू शकतो आणि मागचं चाक जाम होतं. मधल्याच गिअरवर, हळू खाली उतरा.