दोन लिप्यांचं दप्तर आणि बदलता येणारा ब्रोकर

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'बदलता येणारा मेसेज ब्रोकर'. ब्रोकर म्हणजे एका प्रोग्रॅमने दिलेल्या कामाच्या चिठ्ठ्या, म्हणजे मेसेज, रांगेत ठेवून दुसऱ्याला पोचवणारा मधला प्रोग्रॅम. त्याकडे येतोच. पण आपल्या सीमाभागात तो विषय ब्रोकरपासून सुरू होत नाही, पीडीएफपासून सुरू होतो.

खानापूर किंवा निपाणीकडच्या एखाद्या सहकारी सोसायटीचं दप्तर डोळ्यांपुढे आणा. ठराव मराठीत, खात्याचे आदेश आणि पहाणीपत्रक कन्नडमध्ये, ऑडिट रिपोर्ट इंग्रजीत. हे सगळं प्लॅटफॉर्मवर चढवायचं आणि शोधता आलं पाहिजे. फाईल आली की प्रोग्रॅम आधी बघतो, आत मजकूर आहे का? असला तर उचलतो, नसला तर पान ओसीआरकडे, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमकडे, धाडतो. पुष्कळ ठिकाणी तपासणी एवढ्यावरच थांबते, आणि माझी तक्रार नेमकी तिथे आहे.

नुडीच्या किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात टाईप केलेल्या फाईलमध्ये मजकूर असतोच. पडद्यावर स्वच्छ कन्नड किंवा मराठी दिसतं. आत मात्र रोमन अक्षरांचे नि चिन्हांचे क्रमांक साठवलेले असतात, वर आपल्या अक्षरांची चित्रं चढवलेली. प्रोग्रॅम तोच कचरा उचलतो आणि काम झालं असा शेरा मारतो. एरर नाही, लॉगमध्ये तक्रार नाही. पुढे कधीतरी हिशेबनीस 'खर्च' असा शोध घेतात आणि हाती शून्य लागतं. या माणसाचा संगणकावरचा विश्वास उडतो, आणि तो परत मिळवणं फार अवघड असतं.

युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, रूपांतर करा की, असं कुणी म्हणेल. जरूर करा, पण प्रत्येक फॉन्टकुळाचा तक्ता वेगळा, शिवाय क्रमही वेगळा. 'निपाणी'तली पहिली वेलांटी जुन्या फॉन्टात 'न'च्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. 'खर्च'मधला रफार जुन्या फाईलमध्ये 'च'च्या मागून येतो, युनिकोडमध्ये 'र' आणि हलन्त 'च'च्या आधी. नुसता तक्ता लावून भागत नाही, अक्षरं जागेवर आणणारे नियम लिहावे लागतात.

मग पकडायचं कसं? पानापानाने. उचललेल्या मजकुरातली किती अक्षरं देवनागरीच्या ०९०० ते ०९७एफ आणि कन्नडच्या ०सी८० ते ०सीएफएफ या युनिकोड क्रमांकांच्या पट्ट्यांत पडतात ते मोजा. सोबत फॉन्टचं नाव बघा. त्याच्या सुरुवातीला सहा अक्षरं आणि अधिकचं चिन्ह चिकटलेलं असलं तर ते आधी काढा. नाव जुन्या फॉन्टचं आणि पट्ट्यांत अक्षरं जवळजवळ नाहीत, तर त्या पानाचा मजकूर फेकून द्या आणि पान ३०० डीपीआयला ओसीआरला द्या. पूर्ण फाईलची सरासरी काढू नका, इंग्रजी ऑडिटची चार पानं सगळं झाकून टाकतात.

जाता जाता आणखी एक. 'शेतकऱ्यांना' हा शब्द युनिकोडमध्येही दोन तऱ्हांनी सापडतो: एकदा 'ऱ' घेऊन, एकदा साधा 'र', हलन्त आणि न दिसणारा जोडक घेऊन. दिसायला एकच. एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करायची युनिकोडची रीत, त्यांना एक करत नाही. सूचीत घालताना आणि शोधतानाही एकच रूप ठरवून घ्या.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. आता ब्रोकर.

ओसीआर हळू. पानाला दहा सेकंद धरले तर २०० पानांना २००० सेकंद, म्हणजे ३३ मिनिटं. पूर्ण फाईलचा एकच मेसेज केला, तर वर्कर, म्हणजे मेसेज घेऊन काम करणारा प्रोग्रॅम, तेवढा वेळ तो धरून बसतो. एसक्यूएस, काफ्का आणि रॅबिटएमक्यू हे तीन ब्रोकर घ्या. मुळातल्या सेटिंगप्रमाणे एसक्यूएस ३० सेकंदांनी तो मेसेज दुसऱ्या वर्करला दाखवतो. काफ्का ५ मिनिटांत नवी मागणी आली नाही की वर्करला गटातून काढतो. रॅबिटएमक्यू ३० मिनिटांनी चॅनेल, म्हणजे वर्करशी असलेली जोडणी, बंद करून मेसेज पुन्हा रांगेत घालतो. तेच काम पुन्हा, पुन्हा पहिल्यापासून. कोडमध्ये 'पाठव' आणि 'घे' अशी दोन फंक्शनं लिहून वर इंटरफेस चढवला की ब्रोकर बदलता येतो, हा समज इथे कोसळतो. मुदती वाढवता येतात, पण मग तुम्ही त्या एका ब्रोकरला बांधले गेलात.

म्हणून एका पानाला एक मेसेज. त्यात फाईल घालू नका. स्कॅन ४० एमबीचा असतो आणि काफ्काची मुळातली मर्यादा सुमारे १ एमबी. फाईल ऑब्जेक्ट स्टोअरमध्ये (फाईलींच्या कोठारात), मेसेजमध्ये तिचा पत्ता, एसएचए-२५६ हॅश (फाईलवरून काढलेला तिचा ठसा), पान क्रमांक आणि प्रक्रियेची आवृत्ती. शेवटच्या तिन्हींवर डेटाबेसमध्ये युनिक की, म्हणजे तीच नोंद दुसऱ्यांदा न घेणारी अट, ठेवा, म्हणजे मेसेज दोनदा आला तरी निकाल एकदाच लिहिला जातो. क्रमावर विसंबू नका, काफ्का तो फक्त एका पार्टिशनमध्ये, म्हणजे रांगेच्या एका तुकड्यात, पाळतो. किती पानं झाली ते डेटाबेसमध्ये मोजा. अयशस्वी प्रयत्नांची संख्याही तिथेच, कारण एसक्यूएस ती स्वतः मोजतो, काफ्काच्या साध्या कंझ्यूमरला (मेसेज घेणाऱ्याला) ती सोय नाही.

फाईलची नोंद आणि 'पाठवायचा मेसेज' ही ओळ डेटाबेसमध्ये एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा, म्हणजे दोन्ही लिहिल्या जातील किंवा एकही नाही, आणि वेगळा प्रोग्रॅम ती ओळ उचलून ब्रोकरला देऊ दे. तिन्ही ब्रोकरवर एकच चाचणीसंच चालवा: वर्कर अर्ध्यात मारा, मेसेज दोनदा पाठवा, मुदतीपलीकडे धरून ठेवा. बदलाच्या दिवशी त्या प्रोग्रॅमला नवा पत्ता द्या, नवे वर्कर सुरू करा, आणि जुनी रांग रिकामी होईपर्यंत जुने चालू राहू द्या. मधल्या काळात एखादं पान दोन्हीकडून गेलं तरी ती युनिक की दुसरं अडवते.