राजारामचं पाणी किती?

पावसाळा लागला की कोल्हापुरात सकाळी भेटणारा माणूस आधी हेच विचारतो, "राजारामचं पाणी किती झालं?"

कसबा बावड्याचा हा राजाराम बंधारा. पंचगंगेची पातळी इथं मोजली जाते, फूट आणि इंचांत. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. नदीकाठच्या घरात कपाट कधी उचलायचं आणि म्हैस कधी सोडायची, हे या दोन आकड्यांवर ठरतं.

(दृश्य: बंधाऱ्यावरचे कामगार)

हे काम पावसाच्या तोंडावरचं. बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, निघतायत. उन्हाळाभर पाणी अडवण्यासाठी घातलेले हे बर्गे वेळेत काढले नाहीत, तर पहिल्याच लोंढ्याला नदीच्या वाटेत आपण बांधलेली भिंत उभी असते. एकेक बर्गा दोराला बांधायचा, वर ओढायचा, काठावर रचायचा. दिवाळीनंतर तेच बर्गे परत बसणार. हे बघायला कुणी येत नाही, पण शहराची पूरतयारी इथून सुरू होते.

वर प्रयाग चिखली. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती, चौघींचं पाणी इथवर एक होतं आणि पुढं तिला पंचगंगा म्हणतात. पाचवी सरस्वती गुप्त, असं घाटावरचे लोक सांगतात.

भोगावतीवर राधानगरी धरण, राजर्षी शाहू महाराजांनी हाती घेतलेलं. त्याचे हे सात स्वयंचलित दरवाजे. यांना वीज लागत नाही आणि बटण दाबायला माणूसही लागत नाही. तलाव काठोकाठ भरला की पाण्याच्या दाबानं दरवाजा उचलला जातो, पातळी उतरली की आपोआप बसतो. एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी सुटतं. कितव्या नंबरचा दरवाजा उघडला, ही इथं बातमी असते. ती पोचली की काठावरचे शेतकरी नदीतल्या पाणी उपशाच्या मोटारी काढायला धावतात.

शहरात पाणी समोरून येतं तसं पाठीमागूनही येतं. पंचगंगा फुगली की जयंती नाल्याचं पाणी पुढं सरकत नाही, ते उलटं शाहूपुरीकडे चढतं. ही तिथली कुंभार गल्ली. ऑगस्ट म्हणजे गणपतींचे दिवस, शेड मूर्तींनी भरलेल्या. रंग ओला असतानाच मूर्ती उचलून उंचावर न्यायच्या, तर हातात किती तास आहेत हे कळायला हवं. ते राजारामच्या आकड्यावरून कळतं.

आणि हा सुतारवाडा. पाणी चढू लागलं की इथली कुटुंबं चित्रदुर्ग मठात जातात. कुठं जायचं हे त्यांना आधीच माहीत असतं.

२०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फूट ७ इंचांवर गेली. महामार्ग बंद, पाणी उपसा केंद्रं पुरात, आणि नळ कोरडे. दोनच वर्षांनी पुन्हा महापूर.

(दृश्य: ड्रोनमधून नदीकाठ)

आता हे वरून बघा. पूररेषा दोन असतात. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई. शेती, बाग, मैदान चालतं. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या वर हवं. नियम सोपा आहे. नकाशावर रेषा आहे, जमिनीवर मात्र मुरमाचा भराव पडतो. २०१९च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनंही नदीतल्या अतिक्रमणांवर बोट ठेवलं. टाकलेल्या प्रत्येक डंपरमागे तेवढं पाणी शेजारच्या गल्लीत जातं. तो भराव आता निघाला पाहिजे, आणि निळी रेषा रस्त्यावर, विजेच्या खांबांवर रंगवली पाहिजे, म्हणजे प्लॉट घेणाऱ्याला ती पैसे देण्याआधी दिसेल.

(दृश्य: सोनतळी)

ही सोनतळी, चिखलीपेक्षा उंचावर. १९८९च्या पुरानंतर चिखलीकरांना इथं भूखंड मिळाले. पण शेती खाली, गोठा खाली, म्हणून बरीच घरंही खालीच राहिली. आकडा चढला की ट्रॅक्टर भरून माणसं आणि जनावरं याच चढानं वर येतात.