रोबोने अन्ननलिकेचं ऑपरेशन: पेशंटला नक्की काय फायदा होतो?

अन्ननलिका म्हणजे साधारण 25 सेंटीमीटरची नळी, पण ती जाते कुठून बघा, मागे मणका, पुढे श्वासनलिका आणि हृदय, दोन्ही बाजूला फुप्फुसं, आणि कॅन्सर झाला की या सगळ्या गर्दीतनं ती सोडवून काढायची, मग जठराची नळी करून वर ओढायची आणि जोडायची. ओपन ऑपरेशनमध्ये त्यासाठी बरगड्या फाकवून छाती उघडतात. नंतर दुखतं म्हणून पेशंटला खोल श्वास घेता येत नाही, नीट खोकता येत नाही, कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. कॅन्सर निघालेला असतो, आणि माणूस आयसीयूत श्वासासाठी झगडत असतो.

रोबो स्वतः काहीच कापत नाही हं. सर्जन कन्सोलवर, म्हणजे रोबो चालवायच्या जागेवर, बसून हात हलवतात, तशी आतली बारीक हत्यारं वळतात, छोट्या छिद्रांमधून.

नेदरलँड्समधल्या युट्रेख्टच्या डॉक्टरांनी 112 पेशंट घेऊन दोन्ही पद्धतींची तुलना केली, निकाल 2019 मध्ये आला. ऑपरेशननंतरचे त्रास ओपनमध्ये 80 टक्के लोकांना, रोबोत 59. फुप्फुसांचे त्रास 58 वरून 32 वर, हृदयाचे 47 वरून 22 वर. माझ्या मते रोबोची खरी कमाई हीच आहे, पेशंटचा श्वास वाचतो, दुखणं कमी, माणूस लवकर उठतो.

पण जोड लीक होण्याचं प्रमाण कमी झालं नाही, दोन्हीकडे साधारण पाचातल्या एकाला तो त्रास झालाच, आणि कॅन्सर परत येण्यातही फरक दिसला नाही. म्हणजे रोबो केला की कॅन्सर जास्त बरा होतो असं कुणी सांगत असेल तर ते या आकड्यांत नाहीये.

आणि साध्या दुर्बिणीच्या ऑपरेशनशी, म्हणजे छोट्या छिद्रांमधूनच पण रोबोशिवाय केलेल्या, तुलना केली तर अंतर अजून कमी होतं. चीनमध्ये 358 पेशंटवर तसा अभ्यास झाला, रोबोला वेळ कमी लागला, सरासरी 204 मिनिटं विरुद्ध 245, पण एकूण त्रास जवळपास सारखेच.

एका जागी मात्र रोबो उपयोगी पडतो. स्वरयंत्राकडे जाणाऱ्या डाव्या नसेला (नर्व्हला) चिकटून लिम्फ नोड, म्हणजे छोट्या लसिका ग्रंथी, असतात, कॅन्सर तिथे पसरू शकतो म्हणून ते काढायचे असतात, आणि नस दुखावली तर आवाज बसतो, पाणी पिताना ठसका लागतो. तैवान आणि चीनमधल्या पेशंटवर झालेल्या अभ्यासात रोबोने हे नोड जास्त नीट निघाले, आणि सहा महिन्यांनंतरही नस लुळी राहिलेले पेशंट दुर्बिणीपेक्षा कमी होते.