वाळलेल्या चाफ्याची केस

(पुण्यातल्या गच्चीबाग आणि परसबागवाल्या मंडळींसमोर माघात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार. विषय दिलाय 'घरच्या बागेतली वसंताची चाहूल'. पहिल्या दोन रांगांतल्या नखांत माती दिसतेय, त्यामुळे कुंडी कशी भरायची हे मी सांगणार नाही. मागच्या रांगा मोबाइलमध्ये आहेत, त्यांना काहीही सांगितलं तरी चालेल.

माझं म्हणणं एवढंच आहे. वसंत पंचमी येते माघात आणि वसंत ऋतू सुरू होतो चैत्रात. मधे जवळजवळ दोन महिने जातात. त्यांत बाग उजाड दिसते म्हणून आपण तिच्याकडे बघत नाही. मग कोकीळ ओरडायला लागला, मोगरा फुलला की म्हणतो, आला वसंत! अहो, तोवर तो जेवून हात धुवायला उठलेला असतो. चाहूल घ्यायची ती पानगळीतच.

इथे आमच्या सोसायटीतल्या चाफ्याची केस सांगावी लागेल. देवळापाशी असतो तो पांढरा चाफा. थंडीत सगळी पानं टाकतो, नुसत्या जाड करड्या फांद्या उरतात. आमचे चेअरमन म्हणाले, "हे झाड गेलंय." मी म्हटलं, "गेलं नाही, झोपलंय." तर म्हणाले, "मग उठवा, रविवारी एजीएम आहे!" इकडे तळमजल्यावरच्या वहिनींना कणव आली, त्या रोज बादलीभर पाणी ओतू लागल्या. निष्पर्ण चाफ्याला इतकं पाणी घातलं तर मुळं कुजतात, पण वहिनींना सांगणार कोण? त्यांच्या अनारशांवर आमची दिवाळी चालते.

मग मी पुरावा दाखवला. नखाने साल जराशी खरवडली, आत हिरवं, वर चिकाचा थेंब. कुठल्याही 'मेलेल्या' झाडावर आधी हे करून बघा. चेअरमन म्हणाले, "चीक काय, तोडल्यावरही येतो." आणि शनिवारी तोडलाच. शहरात झाड तोडायचं तर १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हे मी सभेत म्हटलं. इतिवृत्तात 'चर्चा झाली' एवढंच आलं.

पण गंमत पुढेच आहे. फांद्या कचऱ्याच्या डब्यामागे टाकलेल्या. चाफ्याच्या फांदीत पाणी आणि अन्न इतकं साठलेलं असतं की तोडल्यावरही ती कित्येक आठवडे जिवंत राहते. फाल्गुनात तिथेच, ना माती ना मूळ, तिला फुलांचे तुरे आले! आमचा वॉचमन रोज चार फुलं केबिनमधल्या गणपतीला वाहायचा. एजीएममध्ये मृत घोषित झालेलं झाड... टाळ्या नकोत, वेळ जातोय.

बघा, चिठ्ठी आलीच. दहा मिनिटं. म्हणजे मुख्य विषय आता पळत पळत.

उन्हाळा तोंडावर असताना, पाऊस चार महिने लांब असताना, झाडं कोवळी पानं काढतात कशाच्या जोरावर? जुनी पानं गळली की बाष्पातून जाणारं पाणी थांबतं. खोलवर गेलेली मुळं जे थोडंफार ओढतात ते खोडात साठतं आणि फांद्यांवरचे डोळे, म्हणजे अंकुर, फुगतात. दिवसही वाढत असतो. डिसेंबरअखेर पुण्यात तो साधारण अकरा तासांचा असतो, २१ मार्चच्या सुमारास बारा. म्हणजे आपल्याकडे पानगळ आणि पालवी हे एकाच कामाचे दोन भाग आहेत. बर्फ वितळायची वाट बघणारा वसंत तिकडचा.

तिकडचं एक मात्र घ्यावं. इंग्लंडात नॉरफोकला रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदाराने १७३६ पासून पहिलं फूल, पहिलं पान, बेडकाचा पहिला आवाज अशा तारखा लिहायला सुरुवात केली. पुढे त्याच्या घराण्याने त्या १९५८ पर्यंत चालवल्या. आपण दुधाचा हिशेब कॅलेंडरवर लिहितोच, शेजारी हेही लिहा.

काय लिहायचं? पटापट सांगतो. कढीपत्त्याच्या शेंड्याला पोपटी फूट. डाळिंबाची तांबूस पालवी. शेवग्याचा फुलोरा आणि त्यावरच्या मधमाश्या. कोवळ्या शेंड्यावर मावा ही कीड दिसली तर लगेच फवारा काढू नका, आधी तारीख लिहा, मावाही चाहूलच आहे. थंडीत गप्प असलेल्या तांबट पक्ष्याची टुकटुक कधी सुरू झाली ते लिहा. आणि खरोखर वाळलेली फांदीसुद्धा डोक्यावर पडण्यासारखी नसेल तर राहू द्या, तांबट तसल्याच लाकडात घरटं कोरतो. वेलीवर जळमटासारखं काही लोंबत असेल तर झाडू लावायच्या आधी बघा, ते शिंजीर या चिमुकल्या पक्ष्याचं घरटं असू शकतं.

मोगऱ्याबद्दल कोणीतरी विचारलंय. छाटणी राहिली असेल तर याच आठवड्यात उरका. बाकीचं चहाच्या वेळी विचारा, हॉल सात वाजता रिकामा करायचाय.